मेंदूचे पेव करता येत नाही

सांगलीहून चारेक किलोमीटरवर, वारणा जिथे कृष्णेला मिळते तिथे हरिपूर आहे. माझी धाकटी आत्या तिथे दिलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे राहायला गेलो की कधीतरी पेव उघडताना बघायला मिळायचे. पेव म्हणजे हळदीचे जमिनीखालचे कोठार. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढे, आत रांजणासारखे पोट, खोली २०-२५ फूट. तळाला आणि कडेने उसाचा पाला लावायचा, वरून हळकुंडे ओतायची आणि तोंड बंद करून शेणामातीने लिंपून टाकायचे. अशी पुरलेली हळद वर्षानुवर्षे टिकायची, तिला कीड लागायची नाही.

पेव उघडले म्हणून लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळे करून ठेवायचे आणि मग दोरीला कंदील बांधून सावकाश खाली सोडायचा. अर्ध्यावर जाऊन कंदील विझला की हमाल मागे सरकायचे. "अजून वारं शिरलं न्हाई," एवढेच म्हणायचे आणि बिडी पेटवून सावलीला बसायचे. कंदील तळाशी जाऊन तेवत राहिला, की मगच माणूस उतरायचा. ज्यांना एवढा धीर निघाला नाही अशी माणसे पेवात गुदमरून गेल्याच्या गोष्टी आत्या सांगायची, आणि आम्हा पोरांना त्या तोंडाच्या जवळपासही फिरकू द्यायची नाही.

पुढे जीवरसायनशास्त्र शिकलो तेव्हा त्या कंदिलाचा अर्थ लागला. बंद पेवात हळकुंडांवरचे सूक्ष्मजीव श्वास घेत राहतात. आतला ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो. ऑक्सिजन नाही म्हणून किडा जगत नाही, आणि त्याच कारणाने माणूसही जगत नाही. या पुस्तकाचा विषय माझ्यासाठी सुरू होतो तो त्या पेवाच्या तोंडाशी.

माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के. पण शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एवढासा हा अवयव ओढतो, आणि झोपेतही ओढत राहतो. त्याला ऑक्सिजनचा साठा करून ठेवता येत नाही. रक्तपुरवठा चार-पाच मिनिटे तुटला तरी पेशी कायमच्या जाऊ लागतात. हळद टिकवायची तर हवा कोंडता येते, पण मेंदूचे पेव करता येत नाही. त्याला जो ऑक्सिजन क्षणोक्षणी हवा असतो, तोच त्याला आयुष्यभर थोडाथोडा झिजवतही असतो. झीज आणि डागडुजी यांचा मेळ जोवर बसतो तोवर आपल्याला काही जाणवत नाही. झिजेचे पारडे जड झाले की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये या नावाने पुस्तक संपादित केले आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. अल्झायमर, पार्किन्सन, एएलएस, हंटिंग्टन या सगळ्या आजारांत चेतापेशी हळूहळू मरत जातात, आणि या प्रत्येक आजारात ही झीज सापडते. ती आजाराचे कारण किती आणि परिणाम किती, याचा हिशेब म्हणजे हे पुस्तक.

मराठीत ऑक्सिडेशनसाठी शब्द नाही अशी तक्रार मी वर्गात नेहमी ऐकली. तक्रार खरी नाही. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि त्या कोशाने 'ऑक्सिडीभवन' हा शब्द चांगला रुळवला. मी तो वापरतोच. पण वर्गात शिकवताना मला त्याहून जुने तीन शब्द उपयोगी पडले, आणि तिन्ही स्वयंपाकघरात रोज ऐकू येणारे आहेत: गंजणे, काळवंडणे आणि खवट होणे. तिन्ही क्रिया ऑक्सिजनच्याच आहेत आणि तिन्ही मेंदूत घडतात. हे मी दृष्टान्त म्हणून सांगत नाही, रसायनशास्त्र खरोखरच तेच आहे.

खवटापासून सुरुवात करतो. पावसाळ्यात उघडे राहिलेले शेंगदाणे खवट होतात, कारण त्यांच्या तेलातल्या स्निग्धाम्लांवर ऑक्सिजन हल्ला करतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, आणि साखळी सुरू होते. स्निग्धाम्लात दुहेरी बंध जितके जास्त तितके ते लवकर खवटते. आता मेंदूकडे बघा. पाणी वजा केले तर मेंदूचे निम्म्याहून अधिक वजन मेदाचे असते, आणि त्यात सहा दुहेरी बंध असलेले डीएचए हे आम्ल भरपूर. म्हणजे सहज खवट होणाऱ्या मालाचे हे कोठार, त्याला अखंड ऑक्सिजन, आणि वर ३७ अंशांची ऊब. ते सत्तर-ऐंशी वर्षे शाबूत राहते हेच नवल. राहते ते ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन आणि अनेक विकरे रात्रंदिवस राबतात म्हणून. अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूत या खवटपणाची रसायने वाढलेली सापडतात, आणि काही अभ्यासांत तर ती प्रथिनांच्या गाठी दिसण्याच्याही आधी सापडली आहेत.

काळवंडणे समजायला कृष्णाकाठचे वांगे चिरून ठेवावे. पाण्यात टाकले नाही तर फोडी बघता बघता तपकिरी होतात. फोडीतली फेनॉल जातीची द्रव्ये ऑक्सिजनशी जोडली जाऊन त्यांची क्विनोन बनतात आणि त्यातून काळसर रंग तयार होतो. केळ्याची साल काळी पडते तीही याच वाटेने, आणि त्या सालीत ज्याचे ऑक्सिडीभवन होते ते द्रव्य डोपामिन आहे. तेच डोपामिन, जे आपल्या मेंदूत हालचालीचा ताल सांभाळते. मेंदूच्या बुंध्याशी डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा एक पट्टा आहे. लहान बाळात तो फिका असतो, वय वाढते तसा काळा होत जातो, म्हणून त्याचे लॅटिन नावच 'काळा पदार्थ' असे पडले. तो काळेपणा ऑक्सिडीभवन झालेल्या डोपामिनचा. पार्किन्सनमध्ये नेमका हाच पट्टा फिका पडतो, कारण त्या पेशीच मरून गेलेल्या असतात. कंप दिसू लागतो तोवर साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात.

आणि गंज. याच काळ्या पट्ट्यात लोह जास्त असते. पेशीत कामकाजातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतच असते, आणि एरवी विकरे त्याचे पाणी करून टाकतात. पण मोकळे लोह भेटले की त्यातून हायड्रॉक्सिल हे मुक्त मूलक निघते. जीवरसायनशास्त्रात याच्याइतके आततायी दुसरे काही नाही, जे समोर येईल त्याला ते चावते. लोह आणि पेरॉक्साइडची ही क्रिया हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये मांडली, तेव्हा मेंदूचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. "डोकं गंजलंय" असे आपण सहज बोलून जातो. काही माणसांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे असते, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

एवढे वाचून ऑक्सिजनच्या या उग्र रूपांचा राग आला असेल तर थोडे थांबावे. जंतू मारण्यासाठी आपल्या पांढऱ्या पेशी हीच रसायने मुद्दाम बनवतात. ज्यांच्या पेशींना ती बनवता येत नाहीत ती मुले लहानपणापासून संसर्गांनी हैराण होतात. पेरॉक्साइडचा अगदी थोडा अंश पेशींमध्ये निरोप्याचे काम करतो. व्यायामाने स्नायू सुधारतात तेही थोडेफार या निरोपांमुळेच. चुलीतला विस्तव विझवून घर चालत नाही. तो वळचणीला लागला तर घर राहत नाही. प्रश्न विस्तव कुठे आहे याचा आहे, आणि या विषयावर जे सवंग लिहिले जाते त्यात हा भेद पहिल्याच ओळीत हरवतो.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. या पुस्तकाचे खरे कारण तीच आहे.

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. आबा, म्हणजे माझे वडील, दोनशे पानी वही ठेवत. तिच्यात प्रत्येक फवारणीची नोंद असे: तारीख, छाटणीपासूनचा दिवस, कशासाठी, काय, दोनशे लिटरला किती. मोरचूद-चुना, गंधक, मॅन्कोझेब, जीए. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला आणि डाऊनी या बुरशीची भीती असली की दिवसाआड नोंद. आबांचे अक्षर मोठे, ठसठशीत, शाळामास्तरांनी गिरवून घेतलेले. एकदा त्यांच्या जुन्या वह्या चाळताना मला दिसले की ते अक्षर वर्षागणिक बारीक होत गेले आहे. एकाच ओळीत सुरुवातीचा 'ता.' हरभऱ्याएवढा आणि शेवटचे 'लिटर' मोहरीएवढे. पुढच्या वहीत ओळी उजवीकडे जाता जाता दबत चाललेल्या. त्यांचा हात थरथरू लागला त्याच्या चार वर्षे आधीच्या या नोंदी. तेव्हा आम्ही कुणी त्याकडे लक्षच दिले नव्हते. आई म्हणायची, "फोडणी करपली तरी ह्यांना वास येत नाही." रात्री झोपेत ते हातपाय झाडायचे, ओरडायचे. बद्धकोष्ठ तर जुनेच. वास जाणे, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे, पोट जड राहणे आणि अक्षर बारीक होणे, या सगळ्या खुणा पार्किन्सनमध्ये कंपाच्या कितीतरी आधी दिसू शकतात. आमच्या घरात चारही हजर होत्या. मिरजेला दाखवायला नेले तेव्हा डॉक्टरांनी कोरा कागद पुढे करून एक ओळ लिहायला सांगितली. ओळ संपेपर्यंत त्यांनी मान हलवलेली होती.

आबांना हा आजार फवारणीने झाला असे मी म्हणत नाही. एका माणसावरून कारण ठरवता येत नाही, आणि आमच्याच भावकीत आयुष्यभर फवारणी करून नव्वदीत ताठ चालणारी माणसे आहेत. पण त्या वहीतल्या द्रव्यांकडे मी शिक्षक म्हणून बघितल्यावाचून राहिलो नाही, आणि तिथून मी थेट कॅलिफोर्नियात जाऊन पोहोचलो.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियातली काही तरुण माणसे एकाएकी पुतळ्यासारखी थिजून रुग्णालयात आली. हेरॉइनसारखे एक बनावट द्रव्य त्यांनी टोचून घेतले होते. मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांनी शोधून काढले की त्या द्रव्यात एमपीटीपी नावाची अशुद्धी होती. मेंदूत तिचे एमपीपी+ होते, ते डोपामिनच्या पेशींत शिरते आणि मायटोकॉन्ड्रियातले ऊर्जा बनवणारे पहिलेच यंत्र बंद पाडते. यंत्र अडले की ऑक्सिजन पाण्यात रूपांतरित न होता अर्धवट, उग्र रूपात बाहेर सांडतो. दशकांचा आजार काही दिवसांत घडला होता. एका रसायनाने पार्किन्सन होऊ शकतो हे तेव्हा पहिल्यांदा इतके उघड झाले, आणि काही वर्षांतच खऱ्या रुग्णांच्या काळ्या पट्ट्यातही तेच यंत्र मंदावलेले सापडले.

एमपीपी+ ची रेणूरचना एका तणनाशकाशी खूप मिळतीजुळती आहे. ते म्हणजे पॅराक्वाट. बांधावर मारले आणि ऊन पडले की काही तासांत तण करपते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. ते करपणे म्हणजेच ऑक्सिडीभवन. पॅराक्वाट हिरव्या पानातून इलेक्ट्रॉन उचलते, ऑक्सिजनला देते, पुन्हा मोकळे होते आणि पुन्हा उचलते. जनावराच्या पेशीतही ते असेच फेरे घालते. युरोपीय संघात २००७ पासून ते बंद आहे. आपल्याकडे मात्र ते वर्षानुवर्षे सहज मिळत आले.

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत फ्रेस्नो, कर्न आणि तुलेअर हे परगणे आहेत. ही त्यांची द्राक्षांची आणि बेदाण्याची भूमी. आपल्या तासगावात जी थॉमसन सीडलेस लागली, तीच तिथे लागते. २००९ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी दाखवले की ज्यांच्या घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब ही दोन्ही द्रव्ये फवारली जात, त्यांना पार्किन्सन होण्याचे प्रमाण ७५ टक्क्यांनी जास्त होते. मॅनेब हे मॅन्कोझेबचेच भावंड. फवारणीच्या सरकारी नोंदी तिथे गटवार, तारखेवार ठेवलेल्या असल्यामुळे हा अभ्यास होऊ शकला. हे वाचले तेव्हा मला आबांची वही आठवली. अशा हजारो वह्या तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस, मिरज भागातल्या घरांच्या फडताळांत पडून आहेत. त्या कुणी गोळा केल्या तर जगाला उपयोगी पडेल अशी माहिती त्यांत आहे.

आमच्या भागाची एक गोष्ट मला फार लागते. सांगलीची हळद आणि सांगलीचा बेदाणा या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये मिळाले. ऑक्सिडीभवन थोपवणारी द्रव्ये म्हणून जगभर ज्यांचे नाव घेतात ती कर्क्युमिन आणि द्राक्षातली पॉलिफिनॉल, दोन्ही आमच्या मातीत पिकतात. ती पिकवण्यासाठी ऑक्सिडीभवन वाढवणारी द्रव्येही आम्हीच अंगावर घेतो. पहिल्याविषयी जिल्ह्यात उदंड बोलले जाते. दुसऱ्याविषयी मात्र आम्ही गप्प असतो.

गेल्या काही वर्षांत अँटिऑक्सिडंटच्या जाहिरातींचे पेव फुटले आहे. आबांच्या आजारपणात घरात किती डबे आले याची मोजदाद मी सोडून दिली होती. हळदीच्या कॅप्सूल, द्राक्षबियांचा अर्क, कुठल्याशा परदेशी फळाचा महागडा रस. कुणी आणून द्यायचे, कुणी गळ्यात मारायचे. आई सगळे मन लावून द्यायची. देणाऱ्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण जे माहीत आहे ते स्पष्ट लिहिले पाहिजे.

हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के. ते आतड्यातून नीट शोषले जात नाही, आणि जे जाते ते यकृत लगेच निकालात काढते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये दिसले की मिऱ्यातले पिपेरिन बरोबर दिले तर रक्तातले प्रमाण २००० टक्क्यांनी वाढते. हा आकडा डब्यांवर ठळक छापतात. मुळात प्रमाण जवळजवळ शून्य होते, हे छापत नाहीत. २०१२ मध्ये अल्झायमरच्या ३६ रुग्णांना कर्क्युमिन देऊन पाहिले, रोज ४ ग्रॅमपर्यंत. २४ आठवड्यांत काही फरक पडला नाही. २०१८ मध्ये आजार नसलेल्या ४० प्रौढांना चांगले शोषले जाणारे कर्क्युमिन १८ महिने दिले, तेव्हा स्मरणशक्ती थोडी सुधारलेली दिसली. एवढीच पुंजी आहे. दुसरीकडे जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणेही नोंदली गेली आहेत. भाजीआमटीतल्या हळदीला मी काही म्हणत नाही. जखमा भरण्यासाठी हळद या नावाने अमेरिकेत दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले, त्याचा सांगलीला वाटलेला अभिमान माझाही आहे. पण अभिमान ही गुणाची साक्ष होत नाही.

हळदीचेच काय, ई जीवनसत्त्वाचेही तेच झाले. अमेरिकेत आणि कॅनडात पार्किन्सनच्या ८०० रुग्णांवर डेटाटॉप ही मोठी चाचणी झाली. रोज २००० एकक ई जीवनसत्त्व, आणि आजाराच्या चालीत काडीचा फरक नाही. कोएन्झाइम क्यू१० ची ६०० जणांची चाचणी निष्फळ ठरून अर्ध्यातच थांबवावी लागली. अल्झायमरमध्ये ई जीवनसत्त्वाने रोजची कामे करण्याची शक्ती थोडी सावकाश घटते असे २०१४ मध्ये दिसले, स्मरणशक्तीला लाभ झाला नाही. आणि फिनलंडमध्ये १९९४ मध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला.

असे का व्हावे? सिद्धान्त चुकीचा होता का? माझे मत असे की सिद्धान्त बरोबर आहे, त्यावरून काढलेला उपाय भाबडा होता. गोळीतले द्रव्य मेंदूच्या त्या कोपऱ्यात, त्या मायटोकॉन्ड्रियात पुरेसे पोहोचत नाही. हायड्रॉक्सिल तर इतके झटपट चावते की गोळीतले द्रव्य त्याला वाटेत गाठूच शकत नाही. आणि आजार ओळखला जातो तेव्हा निम्मी वस्ती उठून गेलेली असते. त्यात हे रहाटगाडगे आहे: मायटोकॉन्ड्रिया बिघडला की मूलके सांडतात, त्यांनी प्रथिने वाकडी होतात, वाकड्या प्रथिनांच्या गाठी बिघडलेला मायटोकॉन्ड्रिया उचलणाऱ्या यंत्रणेत अडकतात, आणि नवी मूलके सांडतात. एका पोहऱ्यावर झाकण ठेवून गाडगे थांबत नाही. एएलएसमध्ये तर आणखी चकवा होता. सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या उग्र रूपाचा नायनाट करणाऱ्या एसओडी१ या विकराचे जनुक काही कुटुंबांत बिघडलेले असते, हे १९९३ मध्ये कळले, तेव्हा सगळ्यांना वाटले की संरक्षण कमी पडते म्हणून आजार होतो. पण हे विकर मुळीच नसलेल्या उंदरांना तो आजार झाला नाही. बिघडलेले प्रथिन स्वतःच विषारी होते. आज त्या कुटुंबांसाठी जे औषध आहे ते या प्रथिनाचे उत्पादनच कमी करते.

सिद्धान्ताच्या भाबड्या वापराने रुग्णांचे प्रत्यक्ष नुकसानही झाले, आणि ते आमच्या घरातही झाले. पार्किन्सनचे मुख्य औषध लेवोडोपा. त्याचेच डोपामिन होते, आणि डोपामिन काळवंडते. मग लेवोडोपा उरलेल्या पेशीही जाळत असेल, अशी भीती प्रयोगशाळेतल्या बशीवरून निघाली आणि गावोगाव पोहोचली. "ती गोळी जितकी उशिरा तितकी बरी," असे आबांनाही कुणी सांगितले. ते दोन वर्षे घासाघासाला अडत राहिले, शर्टाची बटणे आई लावायची, आणि ती गोळी कपाटात. २००४ मध्ये ३६१ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले: लेवोडोपा घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट झाली नाही, उलट बरी राहिली. आबांनी गोळी सुरू केली त्या आठवड्यात त्यांनी स्वतः दाढी केली. साबण लावलेला चेहरा आरशात बघत ते किती वेळ उभे होते, ते मला अजून दिसते.

हे लेवोडोपा आमच्या डोंगरातही आहे. कोयनेच्या खोऱ्यात पोरांना खाजवून बेजार करणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतून ते दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये वेगळे केले. आयुर्वेद तिला कपिकच्छू म्हणतो. म्हणून हे बी कुटून मनाने खावे असे नाही. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतले तर मात्रा वाढते, शरीर आपोआप वळवळू लागते, रक्तदाब पडतो. डॉक्टरांपासून लपवण्यासारखे त्यात काही नाही. घेत असाल तर सांगावे.

मग करायचे काय, हे वाचक विचारणारच, आणि त्याला रिकाम्या हाताने पाठवणे मला जमणार नाही. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ जोखमी मांडल्या आणि त्या टाळता आल्या तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असे म्हटले. त्यांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, हवेतले प्रदूषण, कमी ऐकू येणे, डोक्याला मार, एकटेपणा हे सगळे आहे. यातल्या बहुतेक गोष्टी पेशींवरचा ऑक्सिडीभवनाचा भार वाढवतात. कुठल्याच डब्यावर त्यांचे नाव नसते. चालणे, पोहणे, शेतातले काम यांनी शरीर स्वतःची संरक्षक विकरे वाढवते. २००९ च्या एका प्रयोगात तर व्यायामाबरोबर सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या तेव्हा व्यायामाचे काही लाभच नाहीसे झाले. निरोप्यालाच वाटेत अडवले होते. साताऱ्यातला म्हातारा अजिंक्यताऱ्याचा चढ चढत असेल तर त्याला चढू द्यावे.

पुढची प्रकरणे सलग वाचायला हवीत असे नाही. ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांनी आधी शुश्रूषेचे प्रकरण वाचावे, रसायनशास्त्र नंतर. विद्यार्थ्यांनी मायटोकॉन्ड्रियाचे प्रकरण टाळू नये, ते अवघड आहे पण बाकी सगळे त्यावर उभे आहे. जिथे प्रयोग फक्त उंदरांवर झाले आहेत तिथे मी तसे स्पष्ट लिहिले आहे, कारण उंदरांत बरा झालेला पार्किन्सन आणि माणसांत बरा झालेला पार्किन्सन यांत अजून फार मोठे अंतर आहे.

हरिपूरची पेवे आता फारशी वापरात नाहीत. २००५ च्या महापुराने त्यांची वाताहत केली, माल शीतगृहांत जातो. आत्या गेली, आबाही गेले. बाग धाकटा भाऊ बघतो, आणि फवारणीची नोंद तो आबांच्याच शेवटच्या वहीत करतो, कारण अर्धी पाने कोरी होती. आबांची मोहरीएवढी झालेली अक्षरे संपतात आणि त्याच पानावर त्याची मोठी, घाईची अक्षरे सुरू होतात. गेल्या छाटणीला मी त्या वहीत पट्टीने एक रकाना आखून दिला आणि वर 'हातमोजे, मास्क, चष्मा' असे लिहिले. ब्लोअर चालवताना उकाड्यात ते अंगावर ठेवणे किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे. दिवाळीत गेलो तेव्हा वही पाहिली. पहिल्या अकरा फवारण्यांपुढे तो रकाना कोरा होता. बाराव्यापुढे त्याने बरोबरची खूण केली होती.